खांद्यावरचे दोन तास

“काका, ही वाट खरी आहे का?” नवीनं विचारलं आणि माझ्या कपातला चहा थोडा बशीत सांडला. तसं दचकायचं काही कारण नव्हतं. नवी दिवसातून पंधरा वेळा काहीतरी विचारते. ती आमच्या नकाशांच्या कार्यालयात लागली त्याला चार वर्षं झाली, तिच्यानंतर कुणाची भरतीच झाली नाही, म्हणून ती अजून नवीच. जुनी शीटं ती संगणकात भरते आणि मी शेजारच्या खुर्चीवर बसून तीस-पस्तीस वर्षांपूर्वी हातानं काढलेल्या रेघांचा अर्थ तिला सांगतो. पूर्वी आरेखक होतो, आता दुभाष्या झालो आहे. निवृत्तीला सात महिने उरलेल्या माणसाला याहून बरं काम कोण देणार? पडद्यावर एक डोंगरी किल्ला होता. पुढच्या बाजूनं पायऱ्यांची पक्की वाट आणि मागच्या बाजूनं, डोंगराच्या खांद्यापासून खाली ओढ्यापर्यंत, एक तुटक रेघ. नवीचं बोट त्या रेघेवर होतं. “तुटक म्हणजे असावी, असंच ना? सिस्टिमला असावी चालत नाही. आहे म्हणायचं, नाहीतर नाही म्हणायचं.” मग तिनं एक पत्र पुढं सरकवलं. कुणी एक दातांचे डॉक्टर सुट्टीच्या दिवशी माणसं जमवून डोंगर चढतात. येत्या महिन्यात चाळीस जणांना घेऊन पुढून चढायचं आणि या मागच्या वाटेनं उतरायचं असा त्यांचा बेत होता. बरोबर लहान मुलंही असतील, तेव्हा वाट चांगली आहे ना, एवढं कार्यालयानं कळवावं. पत्रावर साहेबांचा शेरा होता : संबंधितांनी खात्री करून सोमवारपर्यंत उत्तर द्यावे. “संबंधित कोण?” मी विचारलं. “तुम्हीच की,” नवी म्हणाली आणि तिनं शीटाचा खालचा कोपरा मोठा केला. आरेखन, आणि पुढं माझी आद्याक्षरं. मोजणी व तपासणी, आणि पुढं दादाची. दोघांचं आडनाव एकच, त्यामुळे शेवटचं अक्षर सारखं होतं, फक्त त्याचं सरळ उभं आणि माझं जरा ऐटीत कललेलं.

दादा माझ्याहून आठ वर्षांनी मोठा. त्यानंच मला या कार्यालयात चिकटवलं. तो मोजणीदार होता, म्हणजे तो चालायचा आणि मी काढायचो. महिन्यातले वीस दिवस तो रानात असायचा, कापडी बूट घालून, डाव्या खिशात खडे भरून. दर शंभर पावलांना एक खडा डाव्या खिशातून उजव्या खिशात जायचा. घरीसुद्धा कधी कधी जेवायला बसताना त्याच्या खिशातून खडे निघायचे आणि वहिनी ते खिडकीतल्या कुंडीत टाकायच्या. मी मात्र उंच स्टुलावर बसून, पंख्याच्या वाऱ्याखाली, डोंगर काढत होतो. तेरा किल्ले काढले, एकाचीही पायरी चढलो नाही. उंटावरून शेळ्या हाकण्याचा मला पगार मिळत होता, आणि मी त्या नीट हाकत होतो, हे दादासुद्धा मान्य करायचा. त्याच्या फील्डबुकात दोनच क्रियापदं असत. जे स्वतः जाऊन बघितलं त्याच्यापुढं ‘पाहिले’, आणि जे गावकऱ्यांनी नुसतं सांगितलं त्याच्यापुढं ‘ऐकले’. पूल पाहिला. ओढा पाहिला. विहीर ऐकली. या ऐकलेल्या विहिरीवरून कार्यालयात फार चेष्टा चालायची, ह्यांच्या विहिरी बोलतात म्हणे, पण पाहिलेली वस्तू जागेवर सापडली नाही असं त्याच्या बाबतीत एकदाही झालं नाही. आम्ही आरेखक त्याच्या वहीतलं ‘पाहिले’ दिसलं की डोळे मिटून काळी शाई उचलायचो.

रेकॉर्डच्या खोलीत ते फील्डबुक मला अर्ध्या तासात मिळालं. कागद पिवळा पडला होता, पण दादाची पेन्सिल कडक, अक्षर जसंच्या तसं होतं. किल्ल्याचं पान शेवटून दुसरं. मुख्य दरवाजा पाहिला. टाके पाहिले, पाणी आहे. उत्तरेचा बुरूज पाहिला, ढासळलेला. पश्चिमेचा खांदा. वाट पाहिली. दोन तास. त्याच्याखाली आडवी रेघ, तारीख आणि सही. म्हणजे वाट होती, दादानं पाहिली होती आणि ती दोन तासांची होती. मला हायसं वाटायला हवं होतं. पण नवीनं दुसऱ्या खिडकीत उपग्रहाचं चित्र उघडून ठेवलं होतं आणि त्या चित्रात खांद्यापासून पुढं निव्वळ काळं काहीतरी होतं. “सावली असेल,” मी म्हटलं. “असेल,” नवी म्हणाली. तिला ‘असेल’चा उपयोग नव्हता. मला काय अवघड जात होतं ते तिला कळणं शक्य नव्हतं. वाट नाही असं मी लिहून दिलं, तर दादानं न पाहिलेली गोष्ट पाहिली म्हणून लिहिली असं माझ्याच हातानं लिहिल्यासारखं होत होतं. तो जाऊन पाच वर्षं झाली. इथल्या बारा वर्षांच्या चालण्यात त्याच्या नावावर एक चूक नव्हती. आणि वाट आहे असं लिहून दिलं तर चाळीस माणसं, त्यात पोरंबाळं, माझ्या रेघेवर विश्वास टाकून उतरायला लागणार होती. मी डॉक्टरांना फोन केला आणि म्हटलं, रविवारी मीच येतो, आपण बघून येऊ. फोन ठेवल्यावर माझं मलाच नवल वाटलं. बायको तर घरी हसलीच. “तुम्ही? तुम्हाला माळ्यावरची बॅग काढायला स्टुलावर चढा म्हटलं तर गरगरतं.”

हा किल्ला तेवढा मी एकदा चढणार होतो, हे मी तिला कधी सांगितलेलं नाही. सांगण्यासारखं त्यात काही नव्हतंच. त्या वर्षी दादानं माझं एक शीट तीन वेळा परत केलं होतं. एका टेकडीच्या उंचीच्या रेषा मी शोभेसाठी जरा सारख्या अंतरावर काढल्या होत्या, आणि त्यानं भर खोलीत, सगळ्यांसमोर, “डोंगर काय शिंप्यानं शिवलाय का?” असं विचारलं. लोक हसले. मीही हसलो, आणि मग पंधरा दिवस त्याच्याशी कामापुरतं बोललो. मी सव्वीस वर्षांचा होतो, त्या वयात अपमान फार चविष्ट लागतो, संपू नये असं वाटतं. नंतर त्याची बदली झाल्याचं कळलं, लांबच्या कार्यालयात. जायच्या आधीच्या शनिवारी तो माझ्या स्टुलाशी आला आणि म्हणाला, “उद्या शेवटच्या किल्ल्याची मोजणी आहे. चल की. एकदा तरी पाय लावून बघ तू काय काढतोस ते.” एवढंच. तो माफी मागणाऱ्यांतला नव्हता, ही त्याची माफीच होती आणि ती मला नीट कळली होती. सामान घेऊन तो सहाच्या बसनं पुढं जाणार होता. मला पहाटे उठणं जमायचं नाही, म्हणून मी आठच्या बसनं यायचं, पायऱ्या चढायच्या आणि साडेदहापर्यंत पश्चिमेच्या खांद्यावर त्याला गाठायचं असं ठरलं. मी तयार झालो. बसस्टँडवर गेलो. आठची बस लागली, कंडक्टरनं दोनदा घंटी मारली, आणि मी बाकावर बसून राहिलो. जाऊ नये असं मी ठरवलेलं नव्हतं. थोडं थांबू दे त्याला, एवढंच मनात होतं. मग साडेनवाची बस आली, तीही सुटली. ती सुटताना मला अगदी स्वच्छ, थंड, बरं वाटलं, तापातून घाम आल्यावर वाटतं तसं. त्यानंतर मी समोरच्या न्हाव्याकडे जाऊन दाढी करून घेतली.

सोमवारी मी कार्यालयात दादाला म्हणालो, “बस चुकली.” तो पेन्सिलीला टोक काढत होता. “बरं,” तो म्हणाला. “मी काही थांबलो नाही. पुढं गेलो.” मला सुटल्यासारखं झालं आणि लगेच थोडं लागलंही. म्हणजे थांबलासुद्धा नाहीस? माणसाचं मन कुठून कुठं पळतं बघा, मी ज्याला टांग दिली त्याच्यावरच मी रुसलो. त्यानं फील्डबुक माझ्या टेबलावर ठेवलं. मी ते उघडलं. खांदा. वाट पाहिली. दोन तास. बरोबरच होतं, तो पुढं गेला होता, वाट बघून आला होता. मी हिशेब केला : दादाची चाल, उतार, दोन तास, म्हणजे खालच्या ओढ्यापर्यंत सहज. खांद्यापासून ओढ्यापर्यंत मी तुटक रेघ ओढली. पक्की न ओढता तुटक ओढली, कारण मधली वळणं वहीत नव्हती, ती मी माझ्या अकलेनं घातली. उंचीच्या रेषांना तिरकी छेदत, एका ठिकाणी वळसा घेऊन, शेवटी अलगद ओढ्याला टेकणारी. शिंप्यानं शिवलेली नव्हती ती. खरं सांगायचं तर माझ्या आयुष्यातली ती सगळ्यात देखणी रेघ आहे. आठवड्याच्या आत दादा बदलीच्या गावी गेला. नंतर आम्ही भांडलो नाही की दुरावलो नाही, लग्नकार्याला, आजारपणाला एकमेकांकडे गेलो, तब्येतीची चौकशी केली, पोरांचे मार्क विचारले. दोघं बसलो असताना तिसरं कुणी खोलीत आलं की दोघांनाही बरं वाटायचं. निवृत्त होऊन तो इथल्या जुन्या दोन खोल्यांत परत आला तेव्हाही तसंच. मला वाटायचं, वय वाढलं की भावाभावांचं असंच होतं.

डॉक्टर गोल, बुटके आणि अखंड बोलणारे निघाले. सकाळी साडेसहाला त्यांच्या गाडीतून आम्ही पायथ्याशी उतरलो तेव्हा त्यांनी माझ्या बुटांकडे बघितलं, मग माझ्या पोटाकडे, आणि “सावकाश जाऊ,” म्हणाले. शंभरएक पायऱ्यांनंतर माझ्या कानांत माझाच श्वास वाजायला लागला. पायऱ्या एका मापाच्या नव्हत्या, हे मला माहीत नव्हतं. माझ्या शीटावर त्या सारख्या होत्या, बारीक आडव्या दातांसारख्या. इथे एक पायरी वीतभर तर दुसरी गुडघ्याएवढी, आणि मधोमध पावलांनी झिजून खळगे पडलेले. तीनशे वर्षं माणसं याच ठिकाणी पाय ठेवत आली आणि माझाही पाय नकळत तिथेच पडत होता. उजव्या हाताला कातळ, त्याला हात लावला की गार आणि किंचित ओला. डॉक्टर पुढून सांगत होते, त्यांच्या बरोबरची एक बाई दर वेळी अर्ध्यावर रडते आणि दर वेळी वर पोचते, दाढ काढणं आणि चढ चढणं यात फरक एवढाच की चढाला भूल देता येत नाही. मी हं हं करत होतो. मांड्या थरथरत होत्या. मला सारखं वाटत होतं की ही चढण मी चढू शकलो असतो, सव्विसाव्या वर्षी तर हसत. मुख्य दरवाजा एकदम समोर आला, वळणाआड लपवलेला, आणि त्याच्या कमानीखालून इतका वारा आला की घामेजलेला सदरा पाठीला थंडगार चिकटला. हा दरवाजा मी काढला होता, दोन मिलिमीटरचा. मी त्याच्या भिंतीला टेकून उभा राहिलो. डॉक्टरांनी पाणी दिलं.

पश्चिमेचा खांदा म्हणजे तटाच्या बाहेर आलेली गवताळ सपाट जागा, फार तर दोन खोल्यांएवढी. एका कडेला ढासळलेल्या भिंतीचा थोडा आडोसा आणि त्याला लागून बसता येईल असा एक चिरा. डॉक्टर सरळ पुढं गेले, पोटावर आडवे झाले आणि त्यांनी कड्यावरून डोकं खाली काढलं. बराच वेळ ते तसेच होते. मग म्हणाले, “साहेब, या वाटेनं उतरायचं तर घारीलासुद्धा दोर लागेल.” मी त्यांच्या शेजारी आडवा झालो. खाली सरळ तुटलेला कडा, अधेमधे कुठे पाय टेकायला कपारसुद्धा नाही, आणि फार खोल, शिवणीच्या दोऱ्याएवढा ओढा. “दरड कोसळली असेल हो,” डॉक्टर म्हणाले, माझ्यासाठीच म्हणाले असावेत. “तीस वर्षांत काय वाट्टेल ते होतं.” मी त्या दरडीला घट्ट धरलं. होऊ शकतं, वाट होती आणि गेली, दादानं पाहिली तेव्हा होती. पण मी कधी चाललो नसलो तरी डोंगर वाचता येतो मला. दरड कोसळली की कातळावर फिकट जखम राहते, खाली दगडांचा ढीग पडतो. हा कडा वरपासून खालपर्यंत काळा होता, त्यावर पाण्याचे जुने ओघळ आणि शेवाळाचे वाळलेले पापुद्रे होते. तीन माणसांच्या आयुष्यात तिथून एक कपचीसुद्धा उडालेली नव्हती. मी मागं सरकलो आणि चिऱ्यावर जाऊन बसलो. मग दादा खोटं लिहू शकत होता. मला वाईट वाटत नव्हतं, नुसतं रिकामं वाटत होतं, कपाट उघडावं आणि आत काहीच नसावं तसं. बारा वर्षं लोक ज्याच्या शब्दावर शाई उचलत होते त्यानं शेवटच्या दिवशी, कंटाळून, दोन तास कुठेतरी झोप काढली आणि वाट पाहिली म्हणून लिहिलं. माझ्यासारखाच तोही. त्यात थोडा दिलासा होता, आणि तो मिळाल्याची मला लगेच लाजही वाटली.

“आता बसलाच आहात तर जरा आराम करा,” डॉक्टर अंगावरचं गवत झटकत म्हणाले. “आमची मंडळी मागं राहिली ना, की मी याच दगडावर बसतो, त्या कडेला मात्र कधी गेलो नव्हतो. वाट बघायला याच्यासारखी जागा नाही. खालून कोण येतंय ते अख्खं दिसतं.” ते सहज बोलले आणि पिशवीतून फळं काढायला लागले. मी समोर बघितलं. खांदा जरी मागच्या बाजूचा, तरी या चिऱ्यावरून तटाच्या मोडक्या कोपऱ्यातून पुढची सगळी बाजू दिसत होती. पायऱ्यांची नागमोडी रांग, पायथ्याची झाडं, आणि त्यापलीकडे डांबरी रस्ता थेट क्षितिजापर्यंत. रस्त्यावर काहीतरी चकाकलं. बस होती. ती हळूहळू मोठी झाली, पायथ्याच्या झाडाशी थांबली, चार-पाच ठिपके उतरले आणि बस निघून गेली. त्यातला एक ठिपका पायऱ्यांकडे वळला, बाकीचे गावाकडे गेले. मी घड्याळात बघितलं. साडेनऊ. आठची बस साडेनऊला येते. साडेनवाची अकराला येत असणार. वाट पाहिली. दोन तास. कुणी ध चा मा केलेला नव्हता, अक्षर न अक्षर जागच्या जागी होतं आणि खरं होतं. त्याची सगळी पानं वाचून वाचून त्याच्या ‘पाहिले’चा एकच अर्थ माझ्या डोक्यात बसला होता, आणि जे शेंबडं पोरही बरोबर वाचेल ते मी मोजणीच्या भाषेत वाचलं. वहीत प्रत्येक तास लिहावा लागायचा, खोटं तर त्याला लिहिता येत नव्हतं, म्हणून त्यानं होतं ते लिहिलं. साडेनऊला पहिली बस आली, तिच्यातून मी उतरलो नाही हे त्याला इथून दिसलं. अकराला दुसरी आली, तिच्यातूनही नाही. दोन तास म्हणजे साडेअकरा. दुसऱ्या बसनंतरचा अर्धा तास त्यानं कशाला दिला, हेच मला सगळ्यात सहन होईना. यायला दुसरं काही साधनच नव्हतं.

मग ते तपासणीच्या दुपारचं दृश्य समोर आलं, जे मी तीस वर्षं दुसऱ्याच नावानं जपून ठेवलं होतं. बदलीवर जायच्या आदल्या दिवशी दादा माझ्या टेबलावर वाकून ते शीट तपासत होता. नियमच होता, ज्यानं मोजलं त्यानंच तपासायचं. पेन्सिलीचं टोक सगळीकडून फिरत आलं आणि माझ्या तुटक रेघेवर थांबलं. “ही वाट?” त्यानं विचारलं. “तुझ्याच वहीत आहे,” मी जरा ताठ्यातच म्हणालो, “पाहिली म्हणून लिहिलंयस.” त्यानं वही ओढून घेतली, पान उघडलं, वाचलं. पुन्हा वाचलं. माझ्याकडे बघितलं. “हो,” तो म्हणाला. “लिहिलंय खरं.” आणि खाली सही केली. मला इतकी वर्षं वाटत होतं की माझी रेघ बघून तो चाट पडला होता. ती रेघ खोडायला त्याला एकच वाक्य बोलावं लागलं असतं, की अरे, मी तुझ्यासाठी थांबलो होतो. आणि मी बस चुकली म्हणालो होतो, तो थांबलो नाही म्हणाला होता, दोघांनी सोमवारी सकाळीच आपापली वाक्यं देऊन टाकली होती. त्या काळी हौसेनं किल्ला चढणारे फारसे नव्हते, तुटक रेघेवर कुणी जीव टाकत नव्हतं, हे सगळं खरं, पण हे समर्थन मी करतो आहे, त्यानं केलं असतं असं नाही. ऐकलेल्या विहिरीला पाहिली न म्हणणाऱ्या माणसानं मला तोंडघशी पाडण्याऐवजी जगात नसलेली वाट पास केली. “तुम्हाला बरं वाटत नाहीये का?” डॉक्टरांनी विचारलं. मी रडत होतो. डॉक्टरांना रडणारी माणसं सवयीची होती, त्यांनी सोललेलं फळ माझ्या हातात दिलं आणि कड्याकडे तोंड करून उभे राहिले.

सोमवारी नवीनं ते शीट उघडलं. “नाही,” मी म्हटलं. “काढून टाक.” तिला बरं वाटलं, तिला काहीही निश्चित झालं की बरं वाटतं. पण पडद्यावर एक चौकट उघडली, तिथं कारण निवडायचं होतं. दरड, बांधकाम, मोजणी दोष, आरेखन दोष. “मोजणी दोष टाकते,” ती म्हणाली. “त्यांना आता काय फरक पडणार आहे? आरेखन टाकलं तर तुमच्या सेवापुस्तकात जाईल, काका. सात महिने राहिलेत. कशाला हात दाखवून अवलक्षण?” “आरेखन,” मी म्हटलं. तिनं माझ्याकडे एकदा बघितलं आणि बटण दाबलं. रेघ गेली. उंचीच्या रेषा तिथं एकमेकींना चिकटून उभ्या होत्या, कडा असतो तिथं असतात तशाच. त्या मीच काढल्या होत्या. त्यांच्यावरून वाट जाऊ शकत नाही हे कुठल्याही शिकाऊ आरेखकाच्या लक्षात आलं असतं.

कार्यालय सुटल्यावर मी वहिनींकडे गेलो. त्या दारातच कपड्यांच्या घड्या घालत बसल्या होत्या. “या भाऊजी. वाट चुकलात की काय आज?” असं म्हणून त्यांनी खुर्ची पुसली. मी किल्ल्यावर जाऊन आलो असं सांगितलं. “पुन्हा?” त्या म्हणाल्या. मला कळेना. “अहो, ह्यांच्याबरोबर नव्हता का गेलात, बदलीच्या वेळेला? हे सांगायचे ना. म्हणायचे, फार दमला पण वरपर्यंत आला, खांद्यावर दोघं खूप वेळ बसलो.” त्या उशीचा अभ्रा झटकत होत्या. मी खुर्चीच्या कडेला बसलो होतो. एक खोटी रेघ मी दुपारीच पुसून आलो होतो आणि ही दुसरी इतकी सुंदर होती की तिला हात लावावासा वाटेना. तरी मी म्हणालो, “वहिनी, मी त्या दिवशी गेलोच नव्हतो. बस चुकली असंही नाही. मुद्दाम गेलो नाही.” वहिनींनी अभ्र्याची घडी घातली, ढिगावर ठेवली आणि वरून हात फिरवला.

“ठाऊक आहे मला,” त्या म्हणाल्या. “डबे मी दोन दिले होते. एक तसाच भरलेला परत आला.”

“मग तुम्ही कधी बोलला कशा नाहीत?”

“काय बोलायचं? ते म्हणाले आला होता. मग म्हटलं, आला होता.” त्यांनी पुढचा कपडा उचलला. खिडकीत संध्याकाळचं थोडं ऊन होतं आणि खालच्या रस्त्यावर कुणीतरी स्कूटर सुरू करायच्या खटपटीत होतं. वहिनी थोडा वेळ घड्या घालत राहिल्या. मग म्हणाल्या, “आता खरे जाऊन आलात ना? सांगा बघू, काय दिसतं तिथून? ह्यांनी कधी धड सांगितलं नाही. नुसतं बसलो होतो म्हणायचे.”

“रस्ता दिसतो,” मी म्हणालो. “येणारा माणूस फार लांबून दिसतो, वहिनी.”